रखवालदाराची निवड

"रत्नाताई, सारिकाची मावशी सोडली तर हा जामनेरचा पत्ता तीनच माणसांना माहीत होता. सारिकाला, मला आणि तुम्हाला."

प्रेमराज देसले वकिलांनी आवाज चढवला नव्हता, पण टेबलावरचा मसुदा त्यांनी उलटा करून ठेवला होता. गेली अकरा वर्षं ते रत्नाबाईंना कागद नेहमी सरळ, वाचायला येईल असा सरकवत. आज पाठीमागची कोरी बाजू दिसत होती. रत्नाबाईंची नजर तिथेच खिळली.

प्रकरण दोंडाईचाचं होतं. सारिका ही तिशीतली बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडून आली होती आणि जामनेरला मावशीकडे लपली होती. तिचा अर्ज रत्नाबाईंनी सोमवारी घरी टाइप केला. तो अजून कोर्टात दाखलही झाला नव्हता. गुरुवारी सकाळी नवऱ्याचे दोन भाऊ मावशीच्या दारात उभे राहिले. सारिकाला हाताला धरून गाडीकडे ओढत नेलं. गल्ली गोळा झाली म्हणून तिला सोडून पळाले, पण तेवढ्यात तिचं मनगट मोडलं.

"मी कुणाला सांगितलं नाही, साहेब."

"मी तसं म्हणत नाही."

"म्हणत नाही, पण वाटतंय."

वकिलांनी पेन टोपणात घातलं. मग म्हणाले, "या आठवड्यात काम जरा कमीच आहे. मी फोन करतो."

जिना उतरताना रत्नाबाईंना गुडघ्यापेक्षा छातीत जास्त दुखलं. सव्वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. सुरुवातीला धुळ्याच्या कोर्टासमोर पत्र्याखाली टाइपरायटर घेऊन बसल्या. गुडघ्यांनी त्रास दिला तेव्हा देवपुरातल्या घरी, पुढच्या खोलीत काँप्युटर मांडला. घटस्फोट, वाटण्या, पोटगी, दत्तकपत्रं. अर्ध्या शहराची दुखणी त्यांच्या बोटांखालून गेली होती. भाजी घेताना समोर एखादी बाई आली आणि तिच्या नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड आपल्याला पानं आणि परिच्छेदासकट ठाऊक आहे हे आठवलं, तरी त्या फक्त "मेथी चांगली आहे आज" एवढंच म्हणत. ही एवढीच त्यांची इभ्रत होती आणि ती कधी बोलून दाखवायची वेळ आली नव्हती.

घरी नवरा शालिग्राम पेपर वाचत बसले होते. जिल्हा परिषदेत आवक-जावक विभागात नोकरी करून दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले होते. घरात दोघं अहिराणीत बोलत.

"काय म्हने वकील?"

रत्नाबाईंनी कुणाचं नाव न घेता इतकंच सांगितलं, की एक कागद फुटला आणि संशय माझ्यावर आहे.

शालिग्रामांनी पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली. "त्याना हापिसमाईनच फुटनं व्हई. तू कशाले जीवले लावी लेस?"

रत्नाबाई पुढच्या खोलीत जाऊन काँप्युटरसमोर बसल्या. बराच वेळ तो सुरूच केला नाही. मी बोलले नाही. सारिका स्वतःहून सांगणार नाही, मावशीही नाही. वकील सांगणार नाहीत. मग उरलं कोण? हेच यंत्र. पत्ता यालाही माहीत होता.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. महिना-दोन महिन्यांपासून काँप्युटर मंद झाला होता. सुरू होताना पडद्यावर एक काळी चौकट चमकून जायची, वाचायच्या आत नाहीशी व्हायची. इंटरनेटचा महिन्याचा कोटा विसाव्या तारखेलाच संपायचा. त्यांनी तेव्हा 'जुना झालाय' म्हणून सोडून दिलं होतं. आता त्यांनी तो सुरू केला आणि डोळे न मिटता पाहत राहिल्या. काळी चौकट आली, गेली. खोलीत कुणीतरी होतं आणि पडद्याआड झालं, असं वाटलं.

त्यांनी इंटरनेटवर शोधायला सुरुवात केली, तर पाचच मिनिटांत लाल अक्षरात पाटी आली: 'तुमच्या संगणकात ४१ धोके! आत्ताच मोफत साफ करा!' बोट माउसवर गेलंही होतं. पण काँप्युटर न उघडताच आत काय आहे हे जिला ठाऊक आहे, ती पाटी आली कुठून? त्यांनी सरळ वायरच ओढली आणि काँप्युटर इंटरनेटपासून तोडला.

दुसऱ्या दिवशी त्या आग्रा रोडवर ललितच्या दुकानात गेल्या. काँप्युटर त्याच्याकडूनच घेतलेला, दुरुस्तीही त्याचीच. सारं ऐकून घेऊन त्याने मागच्या फळीवरून अँटीव्हायरसचं एक खोकं काढलं.

"हे टाका, काकू. एक वर्ष बघायला नको. मशीन आणून सोडा, संध्याकाळी करून देतो."

"मशीन मी सोडणार नाही. लोकांचे कागद आहेत त्यात. तू घरी ये आणि माझ्यासमोर तपास. आत आधीच काही बसलंय का, ते मला बघायचंय."

ललितचा हात खोक्यावरच थांबला. "आत काय असणार? काही नसतं." मग काचेखालच्या पेनड्राइव्हकडे बघत त्याने विचारलं, "काकांना माहीत आहे का, तुम्ही आलात ते?"

"काकांचा काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं."

रत्नाबाई खोकं न घेता बाहेर पडल्या. सहज विचारलं! दहा वर्षांत या माणसाने काकांची चौकशी कधी केली नव्हती. रस्त्याने जाताना त्यांना प्रत्येकाचाच संशय येऊ लागला. ललित स्वतःच आत काही टाकून बसला असेल. त्याच्याच हातून कुलूप घ्यायचं म्हणजे काय? आणि कुलूप दुसऱ्याकडून घेतलं, तर तो दुसरा कोण? रखवालदार म्हणून जो प्रोग्राम आत घ्यायचा, तो प्रत्येक कागद उघडून बघणारच. त्याचं ते कामच. मग त्याच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

हाच प्रश्न घेऊन त्या चुडामण सरांकडे गेल्या. सर आयटीआयमध्ये काँप्युटर शिकवत असत. रत्नाबाईंनी टाइपरायटर सोडला तेव्हा पहिले धडे त्यांनीच दिले होते. आता त्यांना ऐकू कमी यायचं, पण डोकं ताजं होतं.

"प्रश्न बरोबर आहे तुमचा," सर मोठ्याने म्हणाले. "जो घाबरवून विकतो, त्याला आधी बाद करा. ती लाल पाटीवाली मंडळी स्वतःच चोर असतात. मग बघा, बनवणारा कोण आहे, त्याचा पत्ता आहे का, आणि जे लोक ही सॉफ्टवेअरं विकत नाहीत, फक्त तपासून गुण देतात, त्यांनी त्याला किती गुण दिलेत. उतरवून घ्यायचं ते बनवणाऱ्याच्याच साइटवरून. दुकानातल्या पेनड्राइव्हवरून नाही."

"आणि ते माझे कागद वाचेल त्याचं काय?"

सर हसले. "वाचेल. पण बाहेर पाठवतं का, ते अटींमध्ये लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा. संशयित फाइल कंपनीकडे पाठवायची परवानगी मागतात, ती बंद करता येते. आणि एक ऐका. पाळत ठेवणारे काही प्रोग्राम राजरोस विकले जातात. मुलांवर लक्ष ठेवा, नोकरांवर लक्ष ठेवा, असं सांगून. साधा रखवालदार त्यांना चोर समजतच नाही. तेव्हा असा घ्या, जो हेही दाखवतो."

"विंडोजमध्ये आधीपासूनच एक असतो म्हणतात."

"असतो आणि बरा असतो. तो चालू आहे का, ते आधी बघा." निरोप घेताना सरांनी पुन्हा हाक मारली. "बाई, काही सापडलं तर लगेच पुसू नका. आधी पडद्याचे फोटो काढा. नाव, तारीख, वेळ. पुरावा असतो तो."

पुढचा आठवडा रत्नाबाईंनी फोनच्या छोट्या पडद्यावर वाचण्यात घालवला. पोटगीच्या अर्जातली एकेक ओळ तपासावी तशा त्या अटी वाचत होत्या. एक सॉफ्टवेअर फुकट होतं, पण तुम्ही कोणत्या साइटवर जाता ती माहिती 'भागीदारांना' देणार होतं. ते बाद. दुसऱ्याचे गुण चांगले होते, पण पहिल्याच पानावर बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होतं. तेही बाद. तिसऱ्याबद्दल तपासणाऱ्या दोन वेगळ्या संस्थांनी बरं लिहिलं होतं, महिनाभर वापरून बघायची सोय होती, आणि पाळतीचे प्रोग्राम ओळखतं असं त्यात स्वच्छ शब्दांत म्हटलं होतं. ललितच्या दुकानातलं खोकं हे नव्हतं, याचंही त्यांना बरं वाटलं.

शालिग्राम दोन-तीनदा दारात येऊन गेले. "इतलं काय वाची ऱ्हायनी?" एकदा म्हणाले, "बठ्ठं पुसी टाकानं आणि नवं भरानं. ललितले सांगस मी. एक तासनं काम शे."

"आते नही," रत्नाबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आंघोळ करून त्या काँप्युटरसमोर बसल्या. आधी सगळे कागद दोन पेनड्राइव्हवर उतरवले. मग विंडोजचा स्वतःचा रखवालदार उघडून पाहिला. तो चालू होता, पण एका कप्प्याकडे, म्हणजे फोल्डरकडे बघायचं नाही, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. असं सांगायला मालकाचा पासवर्ड लागतो. रत्नाबाईंनी तसा हुकूम कधीच दिला नव्हता.

इंटरनेटची वायर पुन्हा जोडून त्यांनी निवडलेलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या साइटवरून उतरवलं, फाइल बाहेर पाठवायची परवानगी काढून घेतली आणि पूर्ण तपासणी सुरू केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

शालिग्राम आज टपरीवर गेले नव्हते. रोज सकाळी दहाला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत त्यांच्या जुन्या सोबत्यांची बैठक असे. आज ते स्वयंपाकघरातून दारापुढच्या ओट्याकडे, ओट्यावरून पुन्हा आत असे फिरत होते.

"च्या ठेवू का तुनासाठे?"

रत्नाबाईंनी मान वळवून पाहिलं. तेहतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

चहा निवून साय धरली, तेव्हा पट्टी थांबली. खाली पिवळ्या चौकटीत एकच ओळ आली. पाळत ठेवणारा प्रोग्राम. दर मिनिटाला पडद्याचा फोटो काढतो आणि दुसऱ्या फोनवर पाठवतो. बसवल्याची तारीख बावीस जानेवारी. वेळ सकाळी अकरा चाळीस.

रत्नाबाईंनी फोन उचलून तीन फोटो काढले. मग टेबलाच्या खणातली कामाची वही काढली. बावीस जानेवारीच्या पानावर एकही कागद नोंदलेला नव्हता. फक्त 'सोनगीर' लिहिलं होतं. त्या दिवशी सोनगीरला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. सकाळी आठच्या बसने त्या एकट्याच गेल्या होत्या. शालिग्राम पोटात दुखतं म्हणून घरी राहिले होते. दाराची किल्ली त्यांच्याकडे. पासवर्ड म्हणजे नाशिकला असलेल्या त्यांच्या मुलाची जन्मतारीख.

आठवडाभर त्यांनी किती जणांवर संशय घेतला होता! ललितवर, समोरच्या भाडेकरूवर, वकिलांच्या कारकुनावर, कुठल्याशा अनोळखी देशातल्या चोरावर. एकच माणूस त्या यादीत कधी आला नव्हता.

"हाई तुम्हीन टाकं?"

शालिग्राम दारातच होते. "काय टाकं?"

"बावीस जानेवारीले. मी सोनगीरले गयतू तवय."

ते खुर्ची ओढून बसले, आणि बसल्यावर एकदम थकलेले दिसले.

"ललितनी टाकी दिनं," ते शेवटी म्हणाले. "मी सांगं त्याले. घरनंच शे, म्हणं."

"कशाले?"

"तू दिवसभर अठे बठस. लोक येतस, तू दार लोटस. मी उनू की गप बठस. पस्तीस वरीस बठ्ठा जिल्हाना कागद मना हातखालथून गयात. लोक इचारेत, शालिग्रामभाऊ, मना कागद कोठे शे? आते माले कोणी काहीच इचारत नही." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "माले वाटनं, देखूत तरी, काय करस तू."

"कोणले सांगं?"

"कोणलेच नही."

"कोणले सांगं?" रत्नाबाईंचा आवाज तेवढाच राहिला.

"मोतीलालले. नाव नही सांगं मी. इतलंच सांगं, की दोंडाईचानी एक पोर जामनेरले मावशीकडे लपेल शे. बोलता बोलता निंघी गयं."

मोतीलाल म्हणजे टपरीवरच्या बैठकीतले मित्र. त्यांची मुलगी दोंडाईचालाच दिली होती. पुढचं रत्नाबाईंना विचारावं लागलं नाही. टपरीवर ऐकायला मिळावं म्हणून, चार डोकी आपल्याकडे वळावीत म्हणून एक ओळ बोलली गेली होती. ती मोतीलालने मुलीला फोनवर सांगितली असेल, मुलीने शेजारणीला, आणि शेजारणीने कुणाला सांगितलं त्याला तर अंत नव्हता.

"तिना हात मोडना," त्या म्हणाल्या.

शालिग्रामांनी वर पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"सोमवारले मी वकीलकडे जास. तुम्हीन बी चला. तुम्हना तोंडवरी सांगा."

"मी?" ते उठून उभे राहिले. "रत्ना, डोकं फिरनं का तुनं? गावमा तोंड दाखाडाले जागा ऱ्हावाव नही. व्हायरस व्हता म्हनीसन सांग. बाहेरनं कोणी चोरं, म्हन. तुना जोडे कागद शे, सॉफ्टवेअरनी देखाडेल शे. कोणले काय कळस?"

खरं होतं ते. पडद्यावर प्रोग्रामचं नाव होतं, तारीख होती. शालिग्राम बोरसे हे नाव कुठेही नव्हतं. एवढं पारखून निवडलेल्या रखवालदाराने चोर दाखवला होता, पण ओळखायचं मात्र त्यांच्यावरच सोडलं होतं. 'बाहेरून कुणीतरी' एवढं म्हटलं की वकिलांचा संशय फिटला असता, काम परत आलं असतं, घरही झाकलं गेलं असतं.

"माले कळस," रत्नाबाई म्हणाल्या आणि चहाचा कप उचलून आत गेल्या.

सोमवारी त्या एकट्याच गेल्या. वकिलांच्या ऑफिसात सारिका बसलेली होती. उजव्या मनगटाला प्लास्टर. रत्नाबाईंनी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं, फक्त तिचं वय, लग्नाची तारीख आणि अंगावरच्या वळांची वर्णनं टाइप केली होती. तिच्यासमोर बोलणं जास्त जड गेलं. पण फोनमधले फोटो टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. बारसं, ललित, टपरी, मोतीलाल. नवऱ्याचं नाव घेताना थांबल्या नाहीत.

वकिलांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. "हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं," ते म्हणाले.

"म्हणून तर सांगायला आले."

मग त्या सारिकाकडे वळल्या. दोन दिवस मनात जुळवलेली वाक्यं ओठापर्यंत आलीच नाहीत. "बाई, माझ्या घरातून झालं," एवढंच म्हणता आलं.

सारिकाच्या नजरेत राग असेल असं रत्नाबाईंनी धरलं होतं. तिने प्लास्टरचा हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला.

"मना नवराबी फोन तपासे, काकू," ती हळूच म्हणाली. "रोज रातले. आधी फोन, मंग मार." मग तिने विचारलं, "म्हंजे तुम्हनावरबी पाळत व्हती?"

शनिवारपासून रत्नाबाई लोकांच्या कागदांचाच विचार करत होत्या. दर मिनिटाला एक, असे दोन महिने फोटो निघाले, आणि त्या पडद्यासमोर बसलेली बाई आपणच होतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. शालिग्रामांनी कधी हात उगारला नव्हता. तसं काहीतरी सांगावं असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि मग ते सांगावंसं वाटलं याचीच लाज वाटली.

"हो," त्या म्हणाल्या. "होती."

घरी काम पाठवणं वकिलांनी बंद केलं, आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलं, हे रत्नाबाईंना बरं वाटलं. "रोज दुपारी इथे येत चला. कोपऱ्यातलं मशीन वापरा." त्यांना काम देणाऱ्या बाकीच्या दोन वकिलांनी मात्र परत फोन केला नाही. बातमी कशी पोहोचली ते रत्नाबाईंनी शोधलं नाही. घरचा काँप्युटर त्यांनी सरांच्या देखत पूर्ण साफ करून घेतला आणि कापड घालून ठेवला.

पंधरा दिवसांनी एका दुपारी वकील म्हणाले, "तुमचे मिस्टर आले होते परवा."

रत्नाबाईंची बोटं कळांवर थांबली.

"लेखी देऊन गेले. मोतीलालचं नावही दिलंय. अक्षर सुंदर आहे हो त्यांचं."

शालिग्राम घरी एक शब्द बोलले नव्हते. आताशा ते टपरीवर जात नाहीत, सकाळी पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालून परत येतात, एवढंच रत्नाबाईंना दिसत होतं. त्यांनीही घरी जाऊन विचारलं नाही. रात्री भाकरी वाढताना एक जास्तीची वाढली. ती शालिग्रामांनी खाल्ली.

सारिकाचा अर्ज नव्याने टाइप करायचा होता. मधल्या काळात तिला जामनेरहून हलवलं होतं. कुठे, ते रत्नाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मसुदा समोर ठेवला आणि टाइप करू लागल्या. अर्जदाराचं नाव, वय, धंदा घरकाम. मग 'राहणार' हा शब्द टाइप करून त्यांनी जागा सोडली, एक पूर्ण ओळ आणि वर थोडी, आणि पुढच्या मजकुराला लागल्या. सहा पानं झाली. एकही चूक नव्हती.

छापील कागद त्यांनी वकिलांच्या टेबलावर ठेवले, सरळ, वाचता येतील असे. वकिलांनी पेनाचं टोपण काढलं आणि क्षणभर अवघडून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलावं की नाही, हे त्यांना ठरत नव्हतं.

रत्नाबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. त्या खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. खाली कोर्टाच्या आवारात कडुलिंबाच्या सावलीत माणसं आपापल्या पुकाऱ्याची वाट बघत बसली होती. मागे 'राहणार'पुढच्या कोऱ्या जागेवर पेन चालल्याचा आवाज येत होता. तो पूर्ण थांबेपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या.